खुळखुळा

काबोर्काच्या रस्त्यावर, टायरच्या दुकानामागे
एदुविहेसची पत्र्याची टाकी आहे.
टाकीखाली ती.
लांबी साडेचार फूट. एदुविहेसने मोजली,
टाकलेल्या कातेवरून,
कात ताणते म्हणून चार बोटं वजा करून.

हिला फणा नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये
दोन्ही बाजूंना एकेक खळगा,
त्यातून तिला ऊब दिसते.
अंधारात उंदीर म्हणजे चालता निखारा.
एकदाच डसते, लगेच सोडते,
मग घाई नाही. जिभेने वास टिपत टिपत जाते
तो जिथे पडला असेल तिथे.
अशी थोडी जेवणं झाली की वर्ष सरतं.

शेपटीचा खुळखुळा वर्षं मोजत नाही.
दर कातेला एक मणी वाढतो,
खडकात अडकला की तीनचार तुटतात.
"माझंही वय असंच धरा," एदुविहेस म्हणते,
आणि पान्याने नट आवळते.

तिच्या दिराचा पाय गेला, गुडघ्याखाली,
असल्याच एका सापाने, दुसऱ्या रानात.
फाउस्तिनो सांगतो, त्याने आधी वाजवलं होतं.
"ऐकू आलं मला. वाटलं,
टायरमधली हवा जातेय."

ऑगस्टात तिला पिल्लं झाली. अंडी नाहीत, थेट पिल्लं,
नऊ, बोटाएवढी जाड, विष सोबत घेऊन आलेली,
पण मुकी.
शेपटीला एकच गुंडी, वाजायला दुसरी लागते.
त्यांनी पहिली कात टाकेपर्यंत ती त्यांच्यापाशीच.
तेवढे दिवस एदुविहेस ट्रकवाल्यांना सांगत होती,
नळ बिघडलाय.

थंडीत ती टेकडीवरच्या कपारीत गेली,
दरवर्षीच्याच, इतरांसोबत.
जानेवारीत एका सकाळी फाउस्तिनो
कुबडी टेकत वर चढला, हातात पेट्रोलचा डबा,
खिशात काडेपेटी.
तो पोचला आणि भुरभुर सुरू झाली.

त्या बाहेर आल्या. थंडीने जड, सावकाश.
वेटोळी घातली, अंग चपटं केलं,
पसरट, ताटासारखं,
आणि स्वतःच्याच पाठीवर साचलेलं पाणी
खवल्यांवरून ओठ फिरवत पिऊ लागल्या.
आकाश थांबेपर्यंत.

खाली येऊन त्याने पेट्रोल
वहिनीच्या जुन्या पिकअपमध्ये ओतलं.
काडेपेटी भिजली होती म्हणाला. ती भिजली होतीच.
रात्री जेवताना, मध्येच, ताटाकडे बघत:
"तेरा होत्या.
एकही वाजली नाही."