बसता येतं का

आमचा जुना गेम एकतीस तारखेला बंद झाला.
अकरा वर्षं.
शेवटच्या रात्री आम्ही चौघं पुलावर उभे राहिलो,
झरीनने साठवलेले सगळे फटाके उडवले,
एडविन तलवार नदीत टाकायला गेला, ती हातालाच चिकटून राहिली,
टाकायची सोयच कुणी केलेली नव्हती.
बाराला पडदा काळा. संपर्क तुटला.
टिळकनगरच्या माझ्या खोलीत कुकर घासायचा राहिला होता.
तो घासला.

मग सुरू झालं स्थळं बघणं.

विहंगने यादी केली, रकाने पाडून:
फुकट की महिन्याचे पैसे, किती जीबी,
सर्व्हर सिंगापूरला की त्याहून लांब,
मेलं तर काय काय जातं.
त्याच्या लॅपटॉपला रॅम चारच जीबी,
हे त्याने शेवटच्या रकान्यात लिहिलं, बारीक अक्षरात.

झरीनला मेल्यावर दंड नको.
"दिवसभर विम्याचे दावे तपासते मी, बावा.
इथे तरी मेलेल्याला फॉर्म नको."

एडविनला समुद्र हवा.
वसईचा माणूस, वर्षातले आठ महिने तेलाच्या जहाजावर,
तरी त्याला समुद्रच हवा,
फक्त होडी स्वतःची
आणि बंदराला लागलेली.

मला काय हवं ते मला धड सांगता येईना.
ड्रॅगन असले तरी चालतील, नसले तरी.
बसता यायला हवं.
बऱ्याच गेममध्ये माणसाला बसताच येत नाही,
तो उभ्या उभ्या श्वास घेत राहतो,
खांदे वरखाली,
नोकरीच्या पहिल्या दिवसासारखा.

तीन आठवडे आम्ही रोज रात्री नव्या गावात उतरलो.
एकात बर्फ पडत होता आणि सगळ्या बायका अर्ध्या कपड्यांत.
"हिला आधी स्वेटर द्या," झरीन म्हणाली.
एकात पहिल्याच झाडाखाली दुकान, खऱ्या पैशांचं,
घोडा अकराशे रुपये.
विहंग काही न बोलता बाहेर पडला.
आणि एक तर इतका देखणा होता,
पाण्यात ढग, गवताच्या पात्यापात्याला वारा,
की विहंगचा पडदा दर दोन पावलांवर गोठायचा.
"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला.
तलावाकाठी तो एक पाय उचलून उभा.
आम्ही काही पुढे झालो नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते.
पांढऱ्याच्या सोळा छटा असतात,
माणसं सगळ्यात वरची मागतात.
मी शेजारचा दात बघते,
चहाने पिवळट झालेला, कोपऱ्यावर टवका उडालेला,
आणि त्याच्या रंगाचा करते.

शेवटी ठरला तो गेम चौदा वर्षं जुना.
डोंगर खोक्यांसारखे, घोड्यांना गुडघे नाहीत.
पण होड्या आहेत.
मरण फुकट.
आणि एक्स दाबलं की माणूस मांडी घालतो.

अठरा जीबी. माझं नेट म्हणजे जिन्यातून आलेली लोंबती वायर.
रात्रभर उतरत होता.
सकाळी त्रेसष्ट टक्के, तसाच सोडून डबा भरला, गेले.

रात्री नाव टाकलं, मैना.
हे नाव आधीच घेतलेलं आहे.
कोण असेल ती, कुठली, अजून खेळते की नाही?
मैना टिळकनगर टाकलं.
ते मोकळं होतं.

नऊ वाजता विहिरीजवळ.
चौघं पहिल्या पातळीवर, हातात एकेक काठी,
अकरा वर्षांचं सोनं, चिलखतं, झरीनचा पाळलेला लांडगा,
काही म्हणजे काही नाही.
एडविनचा आवाज मस्कतच्या आसपासहून तुटत तुटत येतोय:
"अरे, उडी कुठल्या बटणाने?"
तो कोंबड्यांच्या कुंपणात अडकलाय
आणि त्या त्याच्या पायांतून आरपार चालल्यात.
विहंग सांगणार, तेवढ्यात झरीन म्हणते,
"थांब ना जरा."

एडविन कुंपणाला धडकतोय, मागे येतोय, धडकतोय.
मी एक्स दाबते.