लाल रेघ

पारोळ्यात खाली पिठाची चक्की, वर माझा क्लास:
चार कॉम्प्युटर, त्यातले तीन चालू,
कीबोर्डच्या फटींत दादरचं पीठ.
रोज सकाळी रंगाच्या ब्रशनं झाडते,
दुपारी एंटर परत पांढरा.

इमलबाई आल्या त्या बचत गटाची वही छातीशी धरून.
सचिव झाल्यात. बँकेतला मुलगा म्हणाला,
पुढच्या महिन्यापासून हिशेब फाइलमध्ये आणा.
त्यांना वाटलं पुठ्ठ्याची,
येताना दोन विकत घेऊनच आल्या.

पहिल्या दिवशी मी बोटानं दाखवत गेले.
हा मॉनिटर, नुसता चेहरा;
डोकं खाली, या डब्यात, सीपीयूत.
हा माऊस. उचलायचा नाही, सरकवायचा.
त्यांनी तो पुरणाच्या गोळ्यासारखा धरला, हलक्या हातानं,
आणि बाण पडद्यावर सरळ गेला.
कॉलेजच्या पोरांचा जात नाही.

लग्नसराईत त्या मांडे करतात, हे मला माहीत होतं.
म्हणून मी हुशारी केली.
म्हटलं, हाताला लागतं ते हार्डवेअर:
चूल, परात, पालथं खापर.
आणि तुमच्या मनगटात जे आहे,
मांडा कोपरापर्यंत झुलवत नेणारं,
दिसत नाही, पण त्याच्याशिवाय चूल नुसती जळते,
ते सॉफ्टवेअर.
त्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग पेन थांबलं.
"नवं खापर पहिल्या दिनले मांडा देस नही.
आठ दिन तापाडनं पडस, शिकाडनं पडस.
मंग ते शिकेल खापर काय व्हयनं,
हार्ड का सॉफ्ट?"

माझ्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.
मी रॅमकडे वळले.
रॅम म्हणजे आत्ता परातीत आहे तेवढं,
हार्ड डिस्क म्हणजे कोठी,
एवढं बोलते तोच लाइट गेली.
(यूपीएसची बॅटरी मी दिवाळीपासून बदलणार आहे.)
चक्की घरघरत थांबली, पंखा थांबला,
आणि तासभर टाइप केलेली अकरा बायकांची नावं
वर्गणीसकट काळी.
"समदं गयं?"
परातीतलं गेलं, म्हटलं. कोठीत ठेवलंच नव्हतं आपण.
सेव्ह हा शब्द त्यानंतर परत सांगावा लागला नाही.
आता दर ओळीला सेव्ह करतात,
कधी अर्ध्या शब्दालाही.

अन्डू मात्र त्यांना आवडलं नाही.
कंट्रोल धरून झेड दाबा, की चूक झालीच नव्हती.
"फाटेल मांडा आम्ही खातस," त्या म्हणाल्या,
"फाटनाच नही, असं नही म्हनतस."

बंद करायला स्टार्टवर जायचं,
यावर खोकला येईपर्यंत हसल्या.

काल नावं पुन्हा टाइप केली. दहा झाली,
वहीत होती तशी, मग स्वतःचं.
आधारवर, पासबुकात त्या विमल आहेत.
बोटं थांबली नाहीत: इ, म, ल.
खाली लगेच लाल रेघ, नागमोडी.
"हाई रेघ कसानी?"
म्हटलं, हा शब्द याला माहीत नाही.
"मन्हं चुकनं का?"
नाही. त्याचं.

मग उजवी क्लिक शिकवली.
यादी उघडली, त्यात एक ओळ: शब्दकोशात जोडा.
तर्जनी क्षणभर अधांतरी राहिली,
खापर तापलंय का बघताना राहते तशी.
दाबली. रेघ गेली.

फक्त या एका मशीनवर गेली, उरलेल्या दोनवर
इमल अजून चूकच आहे. हे सांगणार
तेवढ्यात खाली चक्की सुरू झाली, टेबल थरथरलं,
आणि त्या बाण घेऊन थेट पहिल्या ओळीवर,
कोकिळाचा ळा खोडून या लिहू लागल्या.
बाई, बँकेला चालणार नाही, मी ओरडले.
ऐकू गेलं नाही.
निदान त्यांनी तसं दाखवलं.