पाटी

मिस्सा सुटल्यावर, माजिवड्याच्या वर्गात
मी फळ्यावर जाळं काढलं.
चांगले मासे टोपलीत, वाईट बाहेर.
बाहेरच्यांसाठी ज्वाळा. तांबडा खडू.
चाळीस वर्षं हेच काढत आलेय,
आता हात आपोआप चालतो.

मागच्या बाकावरून जेरोमी म्हणाली,
"मिस, भिंतीकडच्या त्या एका थडग्यावर
क्रूस का नाही?"

नाक्यावरचे ट्रक
त्याच वेळी नेमके गप्प.

पास्कू. एकोणीसचा होता,
कारखान्यातून काढलेला.
स्वतःच्या हाताने गेला, म्हणून घंटा वाजली नाही.
फादर म्हणाले, त्याच्यासाठी मागू नकोस,
पोचणार नाही.
मी मान डोलावली.
आणि दर दोन नोव्हेंबरला,
लोक घरी गेले की,
दुसऱ्यांच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे
तिथे नेऊन लावले. चोरासारखे.
देवाला दिसू नये म्हणून
पदराचा आडोसा करून.

नातालमावशी चेंदणीच्या बाजारात बसायची.
शाळा नसली की मी तिच्या पाटीपाशी.
पापलेटं वर, मांदेली बाजूला,
तळाला उरायचा तो चुरा,
मोडका, काटेरी, नाव नसलेला.
"हे वाईट ना गं?"
"वाईट कसा? हा सुकवायचा,
यो मांजरीला, डोकी कालवणाला,
नि सडलाच तं माडाच्या मुळाशी.
टाकायचा काय नाय, बाय."

तिला वाचता येत नव्हतं.
जाळ्याचा दाखला तिनेही ऐकला असणार देवळात,
बरोबर जागी आमेनही म्हटलं असणार,
आणि घरी येऊन
हात धुऊन
पाटी उपडी केली असणार माडाखाली.

मावशीहून कमी माया असलेल्यापुढे
मी इतकी वर्षं गुडघे टेकले?
की तो तसा नव्हताच,
आणि तांबडा खडू
आमच्याच हातात होता?

जेरोमी अजून उभी.
"मला माहीत नाही," मी म्हटलं.
या वर्गात हे वाक्य पहिल्यांदाच.
ओल्या फडक्याने फळा पुसला.
तांबडं पुरतं गेलं नाही,
गुलाबी ढग राहिला एका कोपऱ्यात.

"मिस, मग वहीत काय काढू?"

माड काढा, म्हटलं.
मुळं मोठी काढा.