अर्थिंग

पंचवीस वर्षं एकाच डब्यात नांदत होतं सगळं,
आवाज लहानमोठा करायचं नाजूक काम
आणि स्पीकरचा पडदा ढकलायची हमाली.
एक वायर, एक दिवा,
वर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर कधी चष्मा, कधी गॅसचं पुस्तक.

निवृत्तीचे पैसे आले आणि मी त्यांना वेगळं काढलं.

रिक्षातून उतरवताना विभुते फाटकाशी आले.
काय एवढं जड?
म्हटलं, पॉवर अँप. सतरा किलो.
आणि हे चपटं?
हे प्री. हे नुसतं सांगतं, उचलतं ते दुसरं.
"म्हणजे आमच्या घरासारखंच की,"
आणि आतून त्यांच्या बायकोचं हसू.

सुमती हसली नाही.
तिनं मोजलं : खोकी दोन, वायरी नऊ.
रुमाल हातात घेऊन उभी राहिली,
कुणावर घालावा ते न कळून.

संध्याकाळी लाइट आली, बटण दाबलं.
गाण्याआधी घरघर आली.
बारीक, हट्टी, एकसुरी,
चार गल्ल्यांपलीकडच्या पिठाच्या गिरणीसारखी.
एकत्र होते तेव्हा दोघांची जमीन एक होती.
आता ज्यानं त्यानं आपापली धरली
आणि मधल्या वायरीतून कुरबुर चाललेली.

मुनीर टेपवाले आले, कानामागे टेस्टर.
खालचा पिनबोर्ड बघून म्हणाले, दोघांना एकाच पाटावर बसवा.
बसवले. अर्धी घरघर गेली.
मग बोर्डाच्या तिसऱ्या भोकात मीटरची काडी घातली
आणि मान हलवली,
"जमीन सुखी पडी है ना साब. करंट बेचारा कां जाएंगा?"

न्हाणीमागचा खड्डा उकरला.
कोळसा, पाच किलो खडे मीठ, पुन्हा कोळसा.
"अब पानी. दो बाल्टी. रोज डालना."

दोन बादल्या.
जालन्यात. मे महिन्यात.
नळ येऊन सात दिवस झालेले,
पुढचा कधी ते वॉलमनला ठाऊक.
निळ्या ड्रमवर सुमतीनं खडूनं रेघा ओढलेल्या :
इथपर्यंत गुरुवार, इथपर्यंत शुक्रवार.

रात्री ती झोपल्यावर
मी तांब्या तांब्या चोरून ओतलं,
आवाज न होऊ देता.
आवाजापायीच हे सगळं करणारा मी.
माती चुरचुरली, प्यायली.
घरात येऊन स्पीकरला कान लावला.
बाहेर गेलो, आणखी एक तांब्या.
आत आलो.
गेली होती.

अंबडच्या उत्सवातली अठ्ठ्याऐंशीची कॅसेट लावली.
तंबोरे लागताहेत, गवई अजून गप्प,
आणि मागं कुणीतरी पानाचा डबा मिटतो.
टक्.
इतकी वर्षं हा डबा माझ्या घरात मिटत होता
आणि मला पत्ता नव्हता.

दारात सुमती.
काय ऐकताय?
थांब, सुरू व्हायच्या आधीचं ऐक.
ती थांबली. बराच वेळ.
"काहीच तर येत नाही ऐकू."
तेच, म्हटलं.
तिनं खाली पाहिलं :
न्हाणीच्या दारापासून अँपपर्यंत
माझी चिखलाची पावलं, जाताची, येताची.
काही न बोलता फडकं आणायला गेली.

सकाळी ड्रमवर
गुरुवार आणि शुक्रवारच्या मधे
दोन बोटांची जागा काढून
एक नवी रेघ होती.
पुढं, तिच्या तिरप्या अक्षरात :
खोकी.