रांगेचं शेपूट

त्सुनेओसानच्या हातात पाटी :
'रांग इथे संपते.'
संपत कुठे?
कुणी येऊन उभं राहतं
की तो दोन पावलं मागे सरकतो.
सकाळपासून असा सरकत सरकत
कासवांच्या तळ्यापाशी आलाय.

नव्या पाळण्याला एकशे नव्वद मिनिटं, फलक सांगतो.
लागतात दीडशेच.
वरची चाळीस लोकांना बक्षिसासारखी मिळतात.

आरक्षणाच्या दाराशी
एका मुलीची वेळ टळलीय : दहा चाळीस.
यंत्र लाल होतं.
आई कमरेत वाकून माफी मागते,
यंत्राची.

मग दोघी इथवर चालत येतात.
तो पाटी जरा कलती धरतो,
मुलीच्या डोक्यावर सावली पडेल इतकी.

रात्री रांग बंद.
शेवटच्या माणसामागून चालत
त्सुनेओसान पहिल्यांदा दारापर्यंत पोचतो.
आतून किंकाळ्या.
तो पाटी भिंतीला टेकवतो,
तोंड भिंतीकडे करून.