विषय : दफनभूमीला रस्ता मिळणेबाबत

दर्यापूरला तहसिलीसमोर, निंबाखाली
माझं टेबल, जुना टाइपरायटर, एक पाय आखूड असलेलं स्टूल.
सातबारा, रेशनकार्ड, वारसाची नोंद :
लोकांचं गाऱ्हाणं मी सरकारी भाषेत बसवून देतो,
पानाला वीस रुपये.

केतुराबाई यायची सोमवारी. दर सोमवारी.
मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको,
पदराच्या गाठीत सुटे पैसे,
आणि गीतांच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेली
मागच्या अर्जाची पोच.
अकरा वर्षांत अकरा अर्ज, मधले सोमवार नुसत्या चौकशीचे.

फिलेमोनला नेलं तेव्हा नाल्याला छातीएवढं पाणी.
खांदेकऱ्यांनी पेटी डोक्यावर धरली होती,
आणि ती काठावरून ओरडत होती, हळू, हळू,
जसा तो झोपेतून उठेल.
मी लिहिलं : पावसाळ्यात गैरसोय होते.

नायब तहसीलदारांनी एकदा वर न पाहता विचारलं,
"लाभार्थी किती?"
मी म्हणालो, गावात ख्रिस्ती घरं नऊ.
ती म्हणाली, "सारेच, साहेब. राह्यते कोन?"
पेन जरा थांबला.
मग त्यांनी नऊ लिहिलं.

पाळक अमरावतीहून येतात, महिन्यातून एकदा, मोटारसायकलवर.
बाकीचे रविवार पत्र्याखाली आम्ही आपले आपण.
एका रविवारी प्रार्थनेची पाळी माझ्यावर आली.
डोळे मिटले, तर शब्द सगळे तहसिलीत राहिलेले.
"हे प्रभू," म्हणालो, "सविनय सादर करतो की"
पोरं खिदळली.
तरी रेटलं : "अर्जदार गरीब असून, तरी मायबाप"
आणि मायबापच्या पुढे
सरकार म्हणता येईना.
तिथेच उभा राहिलो.
पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.
सतरंजीवरून केतुराबाई मोठ्यानं म्हणाली,
"आमेन."

नंतर तिच्या ओसरीवर, खाऱ्या पाण्याच्या चहावर, मी चिडून बोललो :
तिथे निदान शिक्का मारून देतात, बाई.
इथून तर पोचही नाही.
ती बशीत फुंकर घालत राहिली.
"एका खेपेत देल्लं असतं," म्हणाली,
"तं मी दुसऱ्या खेपेले आली असती काय?"
मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटत नाही.
रस्ता हवा होता. रस्ताच मागत होतो ना आपण?

भादव्यात ती गेली, शुक्रवारी रात्री.
नाला भरलेला. काळी माती घोट्याच्या वर चढणारी.
उकंडराव साबळेच्या धुऱ्यावरून फेरा घेतला
तर वरच्या अंगाला पाणी उथळ लागतं,
पण त्याच्याच हरकतीवर फाइल अकरा वर्षं बसून होती.
सकाळी पाहिलं, तो विळा घेऊन शेतात वाकलेला.
कंबरेएवढी हिरवी तूर, दोन तास,
धुऱ्यापासून नाल्यापर्यंत आडवी करत चाललेला.
कुणी त्याला सांगायला गेलं नव्हतं.
आम्ही पेटी घेऊन आलो तेव्हा बाजूला सरला,
डोक्यावरचा शेला काढला,
आणि मला तेवढं ऐकू येईल असं म्हणाला,
"आजच्यापुरतं हाय."

सोमवारी टाइपरायटरला नवा कागद चढवला.
विषय तोच.
संदर्भ : मयत अर्जदाराचे यापूर्वीचे अकरा अर्ज.
अर्जदार : इथे माझं नाव पहिल्यांदा आलं,
अक्षरं बोटांना अनोळखी वाटली.
उकंडरावाच्या तुरीचं कुठे लिहायचं ते कळेना,
असा रकाना नसतो.
शेवटी सवयीनं टाइप केलं :
प्रत माहितीस्तव सविनय सादर,
आणि पुढे कुणाचं नाव घालायचं म्हणून
निंबाकडे पाहत बसलो.
गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ती ओळ
तशीच कोरी सोडून
कागद ओढून घेतला.