गोलंदाज : बहादूर

फुटबॉल म्हणजे गोवा, असं किनाऱ्याकडचे म्हणतात.
आमच्या डिचोलीत भात कापून झालं
की कारापूरच्या शेतात धसकटं तुडवून
आम्ही पीच काढायचो.
मी टेबल टाकून बसायचो, स्कोअरर.
मानधन एक चहा, एक प्लेट पातळ भाजी, दोन पाव.

त्या वर्षी खाण बंद होती.
उभ्या ट्रकांची राखण करायला एक नेपाळी,
रात्री शिट्टी, दिवसा झोप.
त्याचा पोरगा सीमारेषेच्या बाहेर उकिडवा बसायचा.
बॉल वाळवंटीत पडला की हाच पाण्यात,
आणि तिथूनच फेकायचा असा
की कीपरला हात हलवावा लागायचा नाही.

एकदा आमचा एक गडी साखळीला लग्नात अडकला.
कुणीतरी म्हणालं, घ्या रे त्या बहादुराला.

डावा हात. अनवाणी. घोट्यापर्यंत लाल.
टेनिसचा बॉल वळत नाही, हे मला ठाऊक होतं.
रोहिदास मळीकलाही ठाऊक होतं.
मधली दांडी गेल्यावर तो पीचकडे बघत राहिला,
तिथून विंचू निघाल्यासारखा.
चार षटकं, अकरा धावा, पाच बळी.
मी लिहिलं, गोलंदाज : बहादूर.
नाव विचारायला पेन थांबलं नाही.
पुढच्या षटकाची घाई होती, असं मी आजवर
स्वतःला सांगत आलोय.

बाप गेला. पोर डडेल्धुऱ्याला परत गेलं.
ट्रक गंजले, काही सुरू झाले.

मग एका संध्याकाळी पंक्चरवाल्याच्या मोबाइलवर
नेपाळची मॅच.
कीर्तिपूरचं मैदान, उतारावर माणसंच माणसं,
पडद्यावर नाव आलं, हिक्मत बोहरा.
मला त्या नावाचा काहीच बोध झाला नाही.
पण बॉल टाकण्याआधी त्याने मारली
एक बारीकशी उडी,
धसकट चुकवल्यासारखी.
त्या हिरवळीवर कुठलं आलं धसकट?
मी पंक्चरवाल्याचा दंड इतका घट्ट धरला
की तो म्हणाला, मास्तर, हवा गेली काय?

सतरा सामने, एकवीस बळी, एक गुडघा.
शारजात एक झेल सुटला, त्याच्याच बॉलवर.
तो सुटला नसता तर, असं मी म्हणत नाही.
स्कोअररला 'तर' लिहायला रकाना नसतो.

परवा आला. कदंबाच्या बसमधून उतरला,
मेहुणा कांदोळीला स्वयंपाकी आहे, त्याच्याकडे राहतोय.
जिना चढताना एक पाय मागून आणत होता.
डॉक्टर म्हणाले, ती उडीच गुडघा खाऊन गेली.
कोचने दोन वर्षं मोडायचा प्रयत्न केला होता.
"पायाला काय सांगणार, काका? तो शिकला तुमच्या शेतात."
मराठी अजून येते त्याला, हेल आमच्यापेक्षा आमचा.

मी कपाटावरून ती वही काढली.
वाळवीने कडेचे रकाने नेले होते, मधलं शाबूत.
पान उघडलं आणि माझे कान गरम झाले.
पेन काढलं. म्हटलं, खोडतो. तुझं नाव घालतो,
आता तरी.

त्याने वहीवर तळवा ठेवला,
तोच डावा.
"राहू द्या. बाबांना इथे सगळे हेच म्हणायचे.
त्यांनी आयुष्यात बॉल हातात धरला नाही.
पाच बळी राहू देत त्यांच्या नावावर."

खाली कुणीतरी गॅसचा सिलिंडर उतरवत होतं,
रोहिदासच असेल, त्याचीच एजन्सी.
मी टोपण लावलं, पुन्हा काढलं.
विचारलं, बाबांचं खरं नाव काय होतं रे?

त्याने सांगितलं.
मला नीट ऐकू आलं नाही.
दुसऱ्यांदा विचारायला
या वेळी मी थांबलो.